चार नंबरचा नमुना

माझे बाबा बहिरे होते आणि मी आवाजाच्या कंपनीत इंजिनिअर होतो. तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत लोक यावर ‘दिव्याखाली अंधार’ म्हणून हसायचे आणि मीही त्यांच्यात हसून घ्यायचो. त्या काळात मला पुष्कळ गोष्टींवर हसता यायचं.

बाबांचे कान गिरणीने नेले. ते माग खात्यात होते. एका छपराखाली शेकडो माग धडाधडा चालायचे. शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी काही कळायचं नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि बोटांनी बोलायची. बाबांनी असं तीसेक वर्षं काढलं. आधी त्यांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग सायकलची घंटी, मग बायकापोरांचे बारीक आवाज. शेवटी दारात ट्रक उभा राहून हॉर्न वाजवत असला तरी बाबा आपले निवांत पान लावत बसलेले असायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नसच झिजली आहे, औषध नाही. घरी आल्यावर मी ते पाटीवर लिहून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “मागानं कान घेतले, पण पोरगा इंजिनिअर करून देल्ला. अजून काय पाह्यजे गा?”

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की चौथ्या घरातल्या लोकांनी खिडकीतून पाहिलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते समजत नाही. आमच्याकडे आज भाजी काय, कोणाचं पोट बिघडलं, सगळं गल्लीला बाबांकडून कळायचं. माय मी कॉलेजात असतानाच गेली होती. लग्नानंतर माझ्या बायकोने हे सगळं निभावलं. ती त्यांच्याशी हातवारे करून बोलायची, आणि नाहीच जमलं तर पाटी.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कंपनीत लागलो. मुख्य कचेरी मुंबईला, चार शहरांत कारखाने, आणि त्यातला एक आमच्याकडे, अमरावती रोडवर वाडीच्या पुढे. रेडिओ, कर्णे, स्टेशनावर गाड्यांची घोषणा करायची यंत्रं, असा सगळा आवाजाचा कारभार. मी रुजू झालो त्या आठवड्यात बाबा धुतलेलं धोतर नेसून, ट्रकांच्या धुळीतून चालत, कारखान्याचं फाटक बघायला आले होते. चौकीदाराने आत सोडलं नाही. त्यांनी बाहेरूनच बोर्ड वाचला, इमारत किती लांब आहे ते पावलांनी मोजलं आणि समाधानाने परत गेले. संध्याकाळी अख्ख्या गल्लीला सांगितलं, तीनशे बारा पावलं.

आता त्या तीनशे बारा पावलांच्या आत मी काय करत होतो ते सांगतो. लोकांना वाटतं इंजिनिअर म्हणजे काहीतरी बनवणारा माणूस. मलाही तसंच वाटायचं. कंपनीत मी पहिली सहा वर्षं यंत्रातला एकच तुकडा सांभाळला. आवाज एकदम मोठा झाला तर तो आपोआप खाली आणणारा, काडेपेटीएवढा तुकडा. त्याच्या आधी काय येतं ते शेजारच्या खोलीत, नंतर काय जातं ते वरच्या मजल्यावर, आणि त्या दोन्ही ठिकाणचे नकाशे कुलपात. “तुमचा विभाग नाही,” एवढं उत्तर मिळायचं. माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात तीन सह्यांचे चौकोन असत: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. माझा चौकोन सगळ्यांत लहान. त्यातली एक रेघ हलवायची म्हटली तरी कागद मुंबईला जायचा. तिथे बसून ती माणसं उंटावरून शेळ्या हाकायची आणि शेळी म्हणजे मी.

एकदा घरचा रेडिओ बंद पडला. आमच्याच कंपनीचा. मी तो उघडून रविवारभर त्याच्यापुढे बसलो. मला फक्त माझा तुकडा ओळखू आला आणि तो बिचारा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी बायकोने रेडिओ पिशवीत घालून सीताबर्डीला नेला. तिथल्या मॅट्रिक नापास मेकॅनिकने चहा थंड व्हायच्या आत तो सुरू करून दिला.

“त्यानं विचारलं, घरी कोणी जाणकार नाही काय म्हणून,” बायको हसत म्हणाली. “मी म्हटलं, नाही बाप्पा.”

मी हसलो. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की दुसरीकडे कुठे गेलो तर आपल्याला काहीच येत नाही. कंपनीने मला पगारी ठेवून अडाणी केलं होतं आणि मी खुशीने होत होतो.

आमच्या कारखान्यात एक रिवाज होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवीन वस्तू बाजारात जाण्याआधी तिचे मोजके नमुने बनायचे. प्रत्येक नमुन्यावर पत्र्याचा नंबर ठोकलेला आणि प्रत्येक नंबराची वहीत नोंद. पूर्वी कधी एक नमुना बाहेर गेला होता आणि दिल्लीच्या बाजारात त्याच्या नकला आल्या होत्या म्हणे. तेव्हापासून काम बंद झालं की सगळे नमुने परत घ्यायचे आणि ज्या इंजिनिअरचं काम, त्यानेच ते दोन साक्षीदारांसमोर हातोड्याने फोडायचे. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला तेरवी म्हणायचो. फोडून झालं की सगळ्या खात्याला चहा आणि आलुबोंडे. मी रुजू झाल्यावर पहिला आलुबोंडा कुणाच्या तरी चार वर्षांच्या मेहनतीचा खाल्ला होता, आणि त्या गृहस्थांनी स्वतः वाढला होता.

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा मुंबईहून काम आलं: कानाची मशीन बनवायची. खिशात मावेल अशी डबी, तिच्यातून वायर आणि कानात बसणारी गोळी. परदेशी मशीन कुणाला परवडायची नाही, म्हणून आपली देशी. डबीच्या मधला तुकडा, म्हणजे भांडं पडलं तर कानठळ्या बसू नयेत म्हणून आवाज दाबणारा, माझ्याकडे. आणि कधी नव्हे ते नमुने जोडण्याचं कामही साहेबांनी माझ्याकडे दिलं.

मला किती आनंद झाला ते काय सांगू. बाबांनी आपल्या नातीचा आवाज कधी ऐकला नव्हता. ती जन्मली तेव्हा त्यांचे कान जवळजवळ पूर्ण गेलेले. ती त्यांच्या मांडीवर बसून तासतासभर बडबड करायची आणि ते मान हलवत राहायचे. ती रडायला लागली तर तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. पाठमोरी रडली तर नाही. एकदा ती पाय घसरून मोरीत पडली आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते. बायको धावत आली तेव्हा त्यांना समजलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. त्यामुळे मी त्या डबीवर जे काम केलं ते कंपनीसाठी केलं असं मी म्हणणार नाही.

दहा नमुने मंजूर होते. खालच्या कारागिरांनी जुळणीत चुकून अकरा जोडले. आमचे साहेब पुण्याकडचे, वाईट माणूस नव्हे. त्यांना बाबांचं माहीत होतं. एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन ते हळूच म्हणाले, “अहो, उद्या नंबर ठोकणार आहेत. आज संध्याकाळी एखादी डबी चुकून तुमच्या पिशवीत राहिली तर मला काही दिसलेलं नाही.”

मला अपमान वाटला. माझ्या बापाला चोरीची डबी? मी म्हणालो, “नाही साहेब, मी रीतसर अर्ज करतो.”

त्यांनी खांदे उडवले. “करा बापडे.”

हीच ती चूक. आयुष्यात केलेली दुसरी कुठलीही चूक मी समजू शकतो, ही नाही. आमच्या जातीच्या माणसांकडूनच ती होते. जात म्हणजे इंजिनिअरची म्हणतोय. ज्या वस्तूला नंबर नाही ती वस्तू आमच्या लेखी नाहीच. मला बाबांचं नाव वहीत हवं होतं. नमुना, त्यापुढे वापरणारा, त्यापुढे निकाल. गिरणीच्या हजेरीपुस्तकाशिवाय माझ्या बापाचं नाव कुठे लिहिलं गेलं नव्हतं, आणि आता ते माझ्या कामाच्या वहीत येणार होतं. त्या अभिमानापायी मी दोन पानी अर्ज लिहिला. अकराव्या डबीवर दुसऱ्या दिवशी नंबर ठोकला गेला आणि ती कपाटात जाऊन बसली.

नमुने वापरून बघायला बहिऱ्या माणसांना दिले जात, पण या चाचणीसाठी नातेवाईक चालत नसत, कारण नातेवाईक खोटी तारीफ करतात. त्यामुळे अर्ज मुंबईला जाऊन दोन महिन्यांनी मंजूर होऊन परत आला: खास बाब म्हणून, नमुना क्रमांक चार.

तो रविवार होता. बाबा ओसरीत बसले होते. मी डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, गोळी कानात बसवली आणि बटण अगदी हळू फिरवलं. ते दचकले. आत बायकोने कढईत फोडणी टाकली होती.

“हे काय जळून राहिलं गा?” बाबांनी विचारलं.

“फोडणी आहे, बाबा.”

“फोडणीले आवाज असते?” आणि मग स्वतःच थांबून म्हणाले, “हाव हाव. असते. तुही माय टाके तवा असे.”

मुलगी दारात उभी होती. त्या वायरीला घाबरली होती. मी तिला पुढे बोलावलं आणि म्हटलं, आबाजींशी बोल. ती काय बोलणार? तिने हळूच विचारलं, “आबाजी, दुखते काय?”

बाबांनी गोळी कानात आणखी दाबली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “इतकी बारीक बोलते ही? मले वाटे, मोठा आवाज असन हिचा.” त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली आणि फोडणी खरोखरच जळली.

पुढचे अडीच महिने आमच्या घरात जी शांतता होती ती मी त्याआधी किंवा नंतर अनुभवली नाही. स्वतःचा आवाज ऐकू यायला लागला आणि बाबा हळू बोलायला लागले. गल्लीतल्या बायका बायकोला विचारायला आल्या, सासऱ्यांना बरं नाही का म्हणून. दिवसभर आजा-नात ओसरीत. ती काहीतरी रचून सांगायची आणि ते तिला अडवून विचारायचे, मग वाघ काय म्हणाला? चाचणीचा कागद रोज भरायचा असे. बाबा चौथी शिकलेले. पेन्सिल ओली करून, एकेक अक्षर कोरत ते लिहायचे: ‘आज पावसाचा आवाज आला. तकरार नाही.’ ‘आज नात झोपेत बोलली. तकरार नाही.’ मी ते कागद साहेबांना नेऊन द्यायचो आणि जागेवर येऊन छाती फुगवून बसायचो.

गिरणीत बाबांच्या शेजारच्या मागावर काम केलेला एक सोबती होता. त्याचे कान बाबांहून वाईट. तो एकदा मशीन बघायला आला. बाबांनी आपल्या कानातली गोळी काढून त्याच्या कानात घातली आणि माझ्या मुलीला म्हणाले, बोल याच्यासंग. म्हातारा पाच मिनिटं ऐकत बसला. जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “साहेब, मले कवा?”

मी बोटांनी खूण केली, लवकरच. आणि तेव्हा ते खरं होतं.

मग मुंबईहून तीन ओळींचं पत्र आलं. कंपनी यापुढे टेलिव्हिजनकडे लक्ष देणार होती. कानाच्या मशीनचं काम इथेच थांबवावं, नमुने परत घेऊन नियमाप्रमाणे नष्ट करावेत. चाचणीत काही खोट निघाली होती का? नाही. चाचणीचे कागद कुणी वाचले होते का? तेही नाही, ते आमच्याच कपाटात होते, अजून पाठवायचे होते.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, एक नमुना राहू द्या. ते म्हणाले, “नंबर आहे हो त्याच्यावर.” मी म्हटलं, मी विकत घेतो. ते म्हणाले, “विक्रीला आलेली वस्तू नाही म्हणून तिला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून विकता येत नाही.” मी म्हटलं, हरवला म्हणून लिहू. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “लिहा. चौकशी बसेल. वरच्या जागेसाठी तुमचं नाव गेलं आहे, ते परत येईल. कदाचित नोकरीवरही येईल. पण लिहा, मी आडवा येणार नाही.” आणि शेवटी, खाली बघून, “तेव्हा पिशवीत टाकली असती तर...”

मी हरवल्याचं लिहिलं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घरात चार तोंडं होती. होती, पण खरं कारण ते नव्हतं. मी भ्यालो. तीनशे बारा पावलांच्या त्या इमारतीबाहेर मला रेडिओही दुरुस्त करता येत नव्हता, हे मला माहीत होतं. मी पुन्हा अर्ज केला, त्यावर स्मरणपत्र पाठवलं, आणि तेरवीचा दिवस ठरला तरी उत्तर नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं. मशीन परत मागितली आहे.

“काहून? बिघडली काय?”

“नाही.”

“मी काई तकरार नाई लिहिली गा.”

“तुमचं काही नाही, बाबा. कंपनीचा नियम आहे.”

त्यांनी खिशातल्या डबीवर हात ठेवला. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर मी कदाचित काहीतरी केलं असतं. पण तीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस तो. म्हणाले, “कंपनीची वस्तू हाये. वापस कराच लागन.” मग म्हणाले, “कवा न्यायची?”

“सोमवारी.”

रविवारी त्यांनी सकाळीच नातीला समोर बसवलं आणि बोल म्हणाले. ती बोलली. दुपारपर्यंत तिच्या गोष्टी संपल्या, तिला खेळायला जायचं होतं. बाबा तिला शेंगदाणे देत होते, लाडू देत होते, अजून एक सांग म्हणत होते. शेवटी ती कंटाळून रडायला लागली. बाबा म्हणाले, “रडू दे. तेही आयकतो.” बायको मला म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर जा. माह्यानं तुमच्याकडे पाहवत नाही.” मी बाहेर गेलो.

सोमवारी सकाळी बाबांनी स्वतः गोळी काढली, धोतराच्या टोकाने पुसली, वायर गुंडाळली आणि डबी रुमालात बांधून माझ्या हातात दिली. जमिनीवर पडू देऊ नको, असं ओरडून सांगितलं. त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला होता.

भंगार खोलीत लोखंडी ठोकळ्यावर मी एकेक नमुना ठेवत गेलो. एक, दोन, तीन. साक्षीदार नंबर वाचून वहीत खूण करत होता. चार नंबर हातात घेतला तेव्हा डबीच्या कडेला पानाचा डाग दिसला. हातोडा मारला. पहिल्या घावात फुटली नाही, कारण पेटी मजबूत असावी असं मीच सुचवलं होतं. तीन घाव लागले. मग पाच, सहा, असा अकरापर्यंत गेलो. सही केली. आलुबोंडे आले. मी सगळ्यांना वाढले आणि स्वतःही खाल्ला. चांगला झाला होता.

बाबांना मी हे सांगितलं नाही. ते विचारायचे, “चार नंबर ठीक हाये ना?” आणि मी मान हलवायचो. कपाटात आहे, कुलपात आहे. ते गल्लीत सांगायचे, माही मशीन कंपनीत जमा हाये, येनार हाये. तीन महिन्यांनी माझ्या अर्जाचं उत्तर आलं: सहानुभूतीने विचार करण्यात येत आहे, नमुना तूर्त नष्ट करू नये. वरातीमागून घोडे. साहेबांनी तो कागद मला दाखवला आणि फायलीला लावून टाकला.

मी घरी मशीन बनवायचा प्रयत्न केला. माझा तुकडा मला पाठ होता. बाकीचं सीताबर्डीच्या त्या मेकॅनिकने जमवून दिलं, ट्रान्झिस्टरच्या रेडिओचं सामान लावून. साबणाच्या डबीएवढं खोकं झालं. त्यातून शिट्टी यायची आणि शिट्टीच्या मागे कुठेतरी माणूस बोलल्यासारखं वाटायचं. बाबांनी ते खिशात ठेवलं, कानात घातलं आणि म्हणाले, “येते, येते. बराबर येते.” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की मला कळायला हवं होतं. पण मला कळून घ्यायचं नव्हतं. मी रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये जरा हलक्या मनाने बसायला लागलो. वरची जागाही मिळाली. माझी सही आता मधल्या चौकोनात पडायची.

वर्षभराने एका सुटीच्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, आबाजी खोटंखोटं ऐकतात. मी वाघ म्हटलं तरी हसतात, आबाजी म्हटलं तरी हसतात.” बाबा अंघोळीला गेले होते, खोकं खुंटीवरच्या सदऱ्यात होतं. मी ते उघडलं. आतला सेल फुगून फुटला होता, त्यातून पाणी गळून तारांवर पांढरी बुरशी चढली होती. कितीतरी महिने तो मेलेला होता.

बायको मागे उभी होती. “मले माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, त्या शिट्टीनं डोकं दुखते, पण त्याले सांगू नको, त्यानं बनवली हाये म्हणून.”

मी झाकण लावलं आणि खोकं परत खिशात ठेवलं. बाबा अंघोळ करून आले, सदरा घातला, गोळी कानात बसवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. बाप मुलाला इतकं सांभाळून घेतो आणि मुलगा त्याच्या डबीवर तीन वेळा हातोडा उचलतो. मला त्या दिवशी मरावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

दोन हिवाळे गेले आणि बाबा अंथरुणाला खिळले. एक दिवस दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाजात जोर नव्हता, तरी बहिऱ्या माणसाचा, गल्लीत जाईल इतका होताच. म्हणाले, “ते चार नंबर आता मले काई कामाचं नाई. माह्या सोबत्याले दे. त्याचे कान माह्याहून खराब हायेत. कंपनीले अर्ज कर. तुह्या अर्जाले ते नाई म्हनत नाईत.”

मी मान हलवली. ते सगळं ऐकून गल्लीतल्या कुणीतरी ते त्या म्हाताऱ्याला पोचवलं असावं.

बाबा गेले. महिनाभराने, एका रविवारी, तो म्हातारा ओसरीत येऊन बसला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने कानाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पाटी घेतली. काय लिहायचं होतं ते मला माहीत होतं. चार नंबर मी फोडला, अकरा नंबरही फोडला, इतकंच. पाटीवर मावलं असतं. मी लिहिलं, ‘अर्ज केला आहे. मंजुरी यायची आहे.’

त्याने ते दोनदा वाचलं आणि हात जोडले. “काई घाई नाई, साहेब.”

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. मी लिहायचो, ‘मुंबईहून उत्तर नाही.’ कधी, ‘विचार चालू आहे.’ कधी, ‘स्मरणपत्र पाठवलं.’ ही वाक्यं मला शोधावी लागत नव्हती, हाताला सवय होती. बायको आतून सगळं बघायची आणि माझ्याशी त्या दिवशी बोलायची नाही. जवळजवळ दोन वर्षं तो येत राहिला. मग एका रविवारी आला नाही, दुसऱ्या रविवारी नाही. त्याची सून रस्त्यात भेटली, तिने सांगितलं की म्हातारा गेला, शेवटपर्यंत तुमच्या मशीनची वाट पाहत होता.

भर रस्त्यात, तिच्यासमोर उभा असताना, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते ‘सुटलो’ एवढंच होतं.